टाकी ते इंजिन: तांब्याची नळी की रबरी होज?

डिझेल इंजिनाच्या बोटीत बिल्जमधल्या, म्हणजे तळाशी साचणाऱ्या, पाण्यावर रंगीत तवंग आला, इंजिनखोलीत डिझेलचा दर्प राहू लागला, की जो तो आधी गळतीच्या मागे लागतो. ते बरोबरच आहे. पण जुनी लाइन काढून टाकली की दुकानाच्या काउंटरवर दुसरा प्रश्न उभा राहतो: तिच्या जागी पुन्हा तांब्याचीच नळी घालायची, की होज? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. माझा कल होजकडे, पण बिनशर्त नाही.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. फ्युएल पंपापासून (डिझेल मोठ्या दाबाने ढकलणारा) नोझलपर्यंतच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) पाइपांत निवड नसतेच. जुन्या मेकॅनिकल इंजिनांतही तिथला दाब २०० बारच्या घरात किंवा त्याहून वर जातो. पाइप पोलादाचाच, त्याच इंजिनाचा आणि तेवढ्याच लांबीचा हवा. तडा गेला तर ब्रेझिंग, म्हणजे पितळेने झाळणं, नाही, नवा पाइप. आणि ही गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून आत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, ओला डाग पडेल. हे पाइप एकमेकांना जखडणाऱ्या पट्ट्या ‘नंतर लावू’ म्हणून काढून ठेवलेल्या असतात, आणि तडा जाण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

उरली कमी दाबाची बाजू: टाकी, पाणी वेगळं करणारा फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, इंजिनावरचा फिल्टर, मग फ्युएल पंप, शिवाय नोझलवरून टाकीत परत येणारी रिटर्न लाइन. इथे एक भेद डोक्यात पक्का हवा. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येतं. फीड पंपाच्या अलीकडे ओढ असते, तिथे फट पडली तर हवा आत जाते. पहिली गळती बिल्जमध्ये दिसते. दुसरी इंजिनाच्या आवाजात ऐकू येते, आणि तांबं की होज हा वाद खरं तर तिच्यामुळेच आहे.

बाहेर येणारी गळती सापडायला फार अवघड नसते. इंजिन धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं करा. सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वीस मिनिटं चालवा. जिथे पावडर आधी काळवंडेल ती जागा. थेंब पडतो ती जागा धरून बसू नका, डिझेल वरून ओघळत सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन लटकतं. नोझलवरच्या रिटर्न लाइनचा एखादा बॅन्जो (पोकळ बोल्टने आवळलेला कडीसारखा जोड) पाझरत असतो आणि संशय येतो बिचाऱ्या फिल्टरवर. बॅन्जोचे तांब्याचे वॉशर उघडल्यावर नवे घाला. नवे हाताशी नसतील तर जुने मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढा. दाबून कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ होतं. टेफ्लॉन टेप मात्र डिझेल लाइनवर नकोच, तिचे धागे तुटून पंपात जातात. आणि डिझेल कमी होतंय पण थेंब कुठेच नाही असं असेल तर ऑइलची डिपस्टिक पाहा. फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढते, ऑइल पातळ होतं, वास येतो. तसं असेल तर पडदा आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत इंजिन चालवू नका.

आता तांबं. त्याची बाजू दुबळी नाही. आग लागली तर तांब्याची नळी बराच वेळ टिकते. साधी रबरी नळी जळून तुटते आणि टाकीतलं डिझेल आगीवर ओतत राहते. तांबं ओढीने चपटत नाही, उंदीर कुरतडत नाही, नीट बसवलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ नळी घेऊ नका, दर फूटभरावर क्लिप मारा, क्लिपेखाली रबराचा तुकडा ठेवा, आणि इंजिनाला जोडण्यापूर्वी एक पूर्ण वेटोळं द्या म्हणजे हादरा त्या वेटोळ्यात जिरतो.

हे सगळं करूनही एक खोड जात नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. तांबं हादऱ्याने कडक होतं आणि शेवटी तडकतं, तेही नेमकं निपलच्या, म्हणजे नळी जोडायच्या टोकाच्या, मानेशी, जिथे मऊ नळी संपून ब्रेझिंग सुरू होतं. दोन-तीन सिलिंडरच्या इंजिनावर तर हे ठरलेलंच. हा तडा केसाएवढा असतो आणि फीड पंपाच्या अलीकडे असला तर एक थेंबही गळत नाही. इंजिन चालू असताना हादऱ्याने तो उघडतो आणि हवा ओढतो. इंजिन बंद केलं की मिटतो. टॉर्च घेऊन वाकाल तेव्हा समोर कोरडी, चकचकीत, निष्पाप नळी.

मग काय होतं ते बंदरावर कुणालाही विचारा. पूर्ण थ्रॉटलला इंजिन हेलकावे खायला लागतं, ताकद जाते, बंद पडतं. हवा काढली की पुन्हा अर्धा तास सुतासारखं चालतं. म्हणून आधी फिल्टर बदलतात. मग फीड पंप उघडतात. मग नोझल टेस्टिंगला जातात. तिन्ही ठिकाणी पैसे जातात आणि तडा जिथल्या तिथे.

हा तडा पकडायची रीत आहे. आधी पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच टांगून फीड पंपाला थेट आखूड होजने डिझेल द्या. इंजिन शांत चाललं तर दोष टाकी ते पंप या पट्ट्यात, पुढे खोलाखोल नको. मग टाकीचा कॉक बंद करून ती नळी दोन्ही टोकांना सोडवा, एक टोक बुजवा, दुसऱ्या टोकातून सायकलच्या पंपाने पाच-सात पीएसआय हवा भरा आणि मानेशी साबणाचा फेस लावून नळी हाताने हलकेच वाकवा. सरळ धरली तर काही नाही. वाकवली की बारीक बुडबुड्यांची रांग उमटते. टाकी जोडलेली ठेवून मात्र कधीही हवा भरू नका.

सापडल्यावरही ब्रेझिंग किनाऱ्यावरच. होज तडकली तर टोकाचा इंचभर कापून पुन्हा चढवता येते, बोट डुलत असतानाही.

होजचे दुर्गुणही सांगतो. मोटरसायकलच्या दुकानातली पारदर्शक किंवा हिरवी प्लास्टिक नळी म्हणजे होज नव्हे. डिझेलने ती काही महिन्यांत लाकडासारखी कडक होते. बुडबुडे बघायला तात्पुरता तुकडा घाला, आणि बघून झाल्यावर आठवणीने काढा. खऱ्या होजवर आयएसओ ७८४० ए१ असं छापलेलं असतं. ही अडीच मिनिटं ज्वाळेत टिकण्याच्या चाचणीतून गेलेली असते. तांब्याच्या तोडीची नाही, पण कॉक इंजिनखोलीच्या बाहेरून बंद करता येत असेल तर तेवढा वेळ उपयोगाचा आहे. तसा बाहेरचा कॉक नसेल आणि बसवायचाही नसेल, तर माझं सगळं म्हणणं सोडून द्या आणि तांबंच घाला.

दुसरं, जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं आणि पडद्यासारखं वाट अडवतं. बाहेरून काही कळत नाही, म्हणजे लपवाछपवी होजलाही येते. फरक एवढाच की होजवर उत्पादनाचं वर्ष असतं. पाच-सहा पावसाळे झाले की न विचारता बदला. तांब्याचा तडा तारीख सांगून येत नाही.

क्लिपांवर काटकसर करू नका. चिऱ्या कापलेल्या पट्टीची स्वस्त क्लिप रबरात रुतते. आतून गुळगुळीत, स्टेनलेसची घ्या. निपलची लांबी पुरत असेल तर प्रत्येक टोकाला दोन. दाबून बसवलेली तयार टोकं मिळाली तर त्याहून बरं. जोडांत कुठेही गॅल्व्हनाइज्ड फिटिंग नको, डिझेलला जस्त चालत नाही.

मग मांडणी अशी: टाकी ते पाण्याचा फिल्टर आणि तिथून फीड पंप, होज. इंजिनावरचे आखूड तुकडे, फीड पंप ते फिल्टर ते फ्युएल पंप, कंपनीने दिले तसेच धातूचे राहू द्या. ते दोन्ही टोकांनी एकाच इंजिनाबरोबर हलतात, त्यामुळे त्यांची मान तितकी पिळवटत नाही. शिवाय ते दाबाच्या बाजूला आहेत. तडकले तर थेंब दाखवून तडकतात. ज्याची बोट मोठी, इंजिन सहा सिलिंडरचं आणि बैठक पक्की, त्याने सगळीकडे तांबं ठेवलं तर मी वाद घालणार नाही.

पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते तेव्हाच हे काम उरका, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नको. बसवून झालं की हवा काढा: आधी इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँड प्राइमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) मारा, फेस जाऊन अखंड डिझेल येईपर्यंत, मग फ्युएल पंपाचा स्क्रू, तरी सुरू होत नसेल तर नोझलचे नट अर्धा आटा सोडून स्टार्टर मारा. सांडलेलं डिझेल चिंध्यांनी टिपा, बिल्ज पंपाने समुद्रात सोडू नका. रात्री फिल्टरखाली आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरून, कॉक उघडा ठेवून झोपा. सकाळी कागद कोरडा असला तरी पहिल्या फेरीहून आल्यावर सगळ्या क्लिपा एकदा आवळा. नवं रबर दबून त्या थोड्या ढिल्या पडलेल्याच असतात.