गोल्डन गाईतला माझा नेहमीचा बार: काही महिन्यांचा अनुभव, आणि त्यातही सीट चार्ज

मागच्या महिन्यात बारने सीट चार्ज, म्हणजे नुसतं बसण्याचे पैसे, ८०० येनवरून १००० केला आणि त्या रात्री घरी येताना ट्रेनमध्येच ठरवलं की आता याच्यावर लिहायचंच. शिंजुकूची गोल्डन गाई म्हणजे काय ते सांगत बसत नाही, काबुकीचो या नाइटलाइफच्या भागाच्या कडेला हानाझोनो देवळाला लागून सहा अरुंद गल्ल्या आणि त्यात दोनशेच्या आसपास टीचभर बार, एवढं सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेलं असतं. मी कामासाठी टोक्योत राहतो, ऑफिस शिंजुकूलाच, आणि बरेच महिने झाले, ऑफिस सुटल्यावर अधूनमधून एकाच बारमध्ये जातो. नाव मुद्दाम देत नाहीये. एक तर तक्रारही करायचीय, आणि दुसरं म्हणजे तिथे आठच स्टुलं आहेत.

तर सीट चार्ज. तुम्ही बसलात की गरम ओला नॅपकिन येतो आणि त्याच्यामागून एक छोटी वाटी, तिला ओतोशी म्हणतात. ती तुम्ही मागवलेली नसते, पण बसण्याचे पैसे म्हणून ती बिलात असतेच, माणशी, तुम्ही एक ड्रिंक घ्या नाहीतर पाच. माझी हायबॉल, म्हणजे व्हिस्की-सोडा, ८०० येनला आणि बसायचे १०००, म्हणजे पहिल्या ग्लासलाच १८०० गेले! मी जिथे जिथे राहिलोय तिथे बसायचे पैसे कुणी कधी घेतले नव्हते आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे माझ्या डोक्यातून ते जाईचना, गप्पा चाललेल्या असायच्या आणि मी मनात हिशोब करत असायचो की याच पैशात सुपरमार्केटमधून बियरचे किती कॅन आले असते.

त्यात मी शाकाहारी. ओतोशीत काय यायचं? कधी उकडलेला स्क्विड, कधी बटाट्याचं सॅलड पण त्यात हॅम, कधी नुसतीच भाजी दिसली तरी ती दाशीत शिजवलेली, म्हणजे माशाचं पाणी. वाटी तशीच परत जायची आणि चार्ज मात्र पूर्ण. याचा मला जेवढा राग आलाय तेवढा या शहरात दुसऱ्या कशाचाच आला नाही.

बाकी बार कसा आहे? फार चांगला. मालकीणबाई एकट्याच सगळं बघतात, साठीच्या असतील. माझं जपानी मोडकंतोडकं, तरी पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख करून दिली, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मी आत शिरलो की सोडा जास्त, बर्फ कमी हे त्यांना सांगावं लागत नाही. जागाच इतकी कमी की कुणाला आतल्या स्टुलावर जायचं तर सगळ्यांनी उठायचं, त्यामुळे अनोळखी असं कुणी राहतच नाही. शुक्रवारी गल्लीत सुटकेसवाले टुरिस्ट एवढे असतात की चालता येत नाही (२०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांच्या वर परदेशी लोक जपानला आले, त्यातले निम्मे या गल्लीत आले असं वाटतं), आणि दार ढकलून आत गेलं की आठ माणसं शांतपणे कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाबद्दल बोलतायत. मला इथे कुणीही नातेवाईक नाही. आठवड्यातून एकदा तरी माझं नाव घेऊन कुणीतरी विचारतं, बरा आहेस ना, याची किंमत मला माहितीय.

सिगारेटचा धूर हा एक त्रास. २०२० च्या एप्रिलपासून टोक्योत नोकर ठेवलेल्या हॉटेल-बारमध्ये सिगारेट बंद आहे, पण मालक एकटाच चालवत असेल तर त्याला सूट मिळते आणि आमच्या मालकीणबाई एकट्याच आहेत. शर्ट लगेच धुवायला टाकायचा, पुढे चला.

आता चार्जबद्दल माझं मत मध्येच का बदललं ते. एका पावसाळी रात्री आत फक्त दोघं होतो तेव्हा मालकीणबाईंना मी सरळ विचारलं की हा चार्ज कशाला. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, स्टुलं आठ, माणूस एक हायबॉल घेऊन तीन तास बसतो, मी त्याला ऊठ म्हणत नाही, मग भाडं कुठून भरू? आणि जपानमध्ये टिप नसतेच, म्हणजे वरचे पैसे म्हणून जे काही आहे ते एवढंच. मग शेजारच्या गृहस्थांनी जुनं सांगायला सुरुवात केली. युद्धानंतर स्टेशनजवळचा काळा बाजार हलवून इथे आणला, मग इथे वेश्याव्यवसाय चालायचा, १९५८ ला त्याच्या बंदीचा कायदा लागू झाला आणि त्याच खोल्यांचे बार झाले, म्हणून एवढ्या चिंचोळ्या जागा. ऐंशीच्या दशकात जमिनीचे भाव चढले तेव्हा बिल्डरांसाठी जागा खाली करून घेणारे लोक मागे लागले, आगी लागायला लागल्या, तर बारवाले आणि नेहमीची गिऱ्हाइकं रात्री पाळीपाळीने गल्लीत पहारा द्यायचे. २०१६ ला पण आग लागलीच, जुनी लाकडी बांधकामं. म्हणजे ही जागा टिकलीय ती रोजच्या माणसांमुळे, आणि आठ स्टुलांच्या खोलीत कुणालाही न उठवता धंदा करायचा तर बसण्याचे पैसे घ्यावेच लागणार, हे मला पटलं.

पण मला खरा पटला तो बॉटल कीपचा हिशोब, आणि हे कुणीच नीट लिहीत नाही. बॉटल कीप म्हणजे पूर्ण बाटली विकत घेऊन बारमध्येच ठेवायची आणि येऊ तेव्हा त्यातून प्यायची. आमच्याकडे ७०० मिलीची व्हिस्की ७००० येनला ठेवता येते, मानेला तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. ४० मिलीचा एक पेग धरला तर सतरा ग्लास होतात, म्हणजे ग्लासला ४१० च्या आसपास, ८०० च्या जागी. सोडा-बर्फाचे वेगळे ३०० जातात, पण ते त्या रात्रीपुरते एकदाच, किती का ग्लास होईनात. दोन ग्लास घेतले तर चार्ज धरून २१२० होतात, बाटली नसती तर २६००, म्हणजे चार्ज वाढल्याचे २०० निघून वर उरतात. एकच अट, शेवटच्या भेटीनंतर तीन महिने आला नाहीत तर बाटली गेली, तेव्हा फिरायला येणाऱ्यांना याचा उपयोग नाही, पण इथे राहत असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच बाटली घेऊन टाका.

आणि ओतोशीचं सांगायचं राहिलं. त्या पावसाळी रात्रीनंतरच्या वेळी गेलो तर माझ्यासमोर मिठातल्या एदामामेची वाटी आली, सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, वर काही नाही. बाकी सगळ्यांना मासा. पुढच्या वेळी काकडीचं लोणचं, त्याच्या पुढच्या वेळी भाजलेली भोपळी मिरची आणि मीठ, आणि देताना दाशी नाहीये हे त्या बोट हलवून सांगतात. मी मागितलं नव्हतं! मला खरंच भरून आलं. तेव्हापासून वाटी रिकामी करूनच परत देतो.

म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना हे माफ असं नाही. बाजूच्या गल्लीतल्या एका बारमध्ये माझ्या मित्राकडून दारावर न लिहिलेला १५०० चा चार्ज घेतला, वर गाण्याचे वेगळे, आणि विचारलं तर इंग्लिश येत नाही. चार्ज घ्या, पण दारावर आकडा लिहा. आमच्या दारावर जपानी आणि इंग्लिश दोन्हीत लिहिलेलाय, १००० चा नवीन आकडासुद्धा वाढवायच्या आधी दोन आठवडे लावला होता, हे मान्य करायला पाहिजे. नवीन जाणाऱ्यांनी दारावर आकडा नसेल तर आत डोकं घालून विचारावं आणि मगच बसावं, एकदा बसलात की वाटी येतेच. रोख पैसे ठेवा. गल्लीत फोटो काढू नका, परवानगीशिवाय मनाई आहे आणि लोक खरंच चिडतात. रस्त्यावर जो माणूस स्वतःहून स्वस्त बार दाखवतो म्हणेल त्याच्यामागे जाऊ नका. शेवटची ट्रेन साडेबाराच्या आसपास धरून चाला, ती चुकली तर टॅक्सीत सीट चार्जच्या कितीतरी पट जातात.

आमच्या बारबद्दल आता एकच मागणं उरलंय. बिल म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर फक्त एकूण आकडा येतो, चार्ज किती, सोडा किती, काही फोड नाही. मालकीणबाईंना दोनदा सांगून झालंय, त्या हो म्हणतात आणि पुढच्या वेळी परत तेच चिठोरं देतात, मी पुन्हा सांगणार आहे.