पॉलिप काढला, पिशवी जागेवर: चार तारे

वय सत्तेचाळीस. पाळी लांबायची, मधेच डाग पडायचे. सोनोग्राफीत पॉलिप, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराची मांसल वाढ, निघाला आणि एके ठिकाणी लगेच सल्ला मिळाला, "मुलं झालीत ना, मग पिशवीच काढून टाका." जाऊबाईंनीही मान डोलावली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये पेपरात वाचलं होतं, त्यामुळे सही न करता मी नाशिकच्या या लहानशा दवाखान्यात आले.

मॅडमनी आधी विचारलं, ही सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली? पाळी यायच्या सुमारास पिशवीचं अस्तर जाड असतं, त्यात पॉलिप लपतो, नाहीतर नसलेला असल्यासारखा वाटतो. म्हणून पाळी थांबल्या थांबल्या परत करायला लावली. पॉलिप होताच.

मग मी कागदावर लिहून नेलेले प्रश्न काढले. एरवी डॉक्टर असा कागद बघून घड्याळाकडे बघतात. इथे खुर्ची पुढे ओढली गेली. फायब्रॉइड तर नाही ना? नाही, तो स्नायूत होतो, पॉलिप अस्तराचा. कॅन्सर? बहुतेक पॉलिप साधेच निघतात. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही. तसाच ठेवला तर? सेंटीमीटरच्या आतला, त्रास न देणारा कधी कधी आपोआप जातो, पण माझा मोठा होता आणि अंगावरून जात होतं. नुसतं क्युरेटिंग केलं तर? न बघता खरवडताना पॉलिप निसटू शकतो, दुर्बिणीतून बघून काढलेला बरा. परत होईल का? होऊ शकतो, हेही स्पष्ट सांगितलं. टॅमॉक्सिफेन चालू आहे का, हे त्यांनीच विचारलं. स्तनाच्या कॅन्सरवरच्या या गोळीने पॉलिप वाढू शकतात. माझी नणंद ती घेते, तिला त्याच संध्याकाळी फोन केला.

सकाळी उपाशीपोटी गेले, भूल दिली, पोटावर टाका नाही, संध्याकाळी घरी. पुढे थोडे दिवस किंचित डाग. तुकडा बायोप्सीला गेला, साधाच निघाला. रिपोर्ट माझ्या हातात देऊन ओळ न् ओळ समजावला.

एक तारा कापला तो काउंटरसाठी. भरल्या हॉलमध्ये "पॉलिपवाल्या ताई कोण?" असं ओरडायची काय गरज? आणि बायोप्सीचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नसतात, भरती व्हायच्या आधी विचारून घ्या.