ट्यूब फीडच्या पावडरी : ४०० ग्रॅमचा डबा एका दिवसाचा

पक्षाघातानंतर गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातली की घरच्यांच्या हातात पहिली चिठ्ठी येते ती पावडरीच्या डब्याची. गोव्यातल्या फार्मसींत साधी, जादा प्रथिनांची आणि मधुमेहींची असे तीन प्रकार सहज मिळतात. चवीला इथे गुण नाहीत. नळीला जीभ नसते.

या पावडरींत १०० ग्रॅममागे साधारण ४२० ते ४५० किलोकॅलरी असतात, म्हणजे अख्ख्या डब्यात १७०० ते १८००. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे २५ ते ३० धरून रोज १५०० ते १८०० लागतात. डबा एका दिवसाचाच झाला! म्हापसा असो वा मडगाव, तो आठवडाभर पुरवला की रुग्णाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम अडीचशे येतात. लेबलवरचं ‘दिवसातून दोनदा’ हे तोंडाने जेवणाऱ्यासाठी आहे, हे मोठ्या अक्षरांत न छापणं हा सगळ्याच डब्यांचा दोष.

उलट टोकाची समजूतही दिसते : मेंदूला मार बसला म्हणजे दुप्पट खुराक हवा. पक्षाघातात विश्रांतीतला ऊर्जाखर्च अंदाजापेक्षा फार तर १० टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि पडून राहिल्याने तोही बराचसा फिटतो. ताप मात्र महाग : दर अंश सेल्सिअसला १० टक्के किंवा थोडं जास्तच. आधीच खंगलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण माप देऊ नये. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन उतरतं. हळूहळू वाढवा, तपासण्या करत.

साध्या पावडरीत १०० ग्रॅमला १५-१६ ग्रॅम प्रथिनं. ३५० ग्रॅम दिली तरी ५५च्या आसपास, आणि ६० किलोला किमान ६० ते ७२ हवीत. म्हणून मूत्रपिंड ठीक असेल तर आमची पसंती जादा प्रथिनांच्या डब्याला. मधुमेहींच्या पावडरीने साखर कमी उसळते, पण ‘शुगर आहे’ म्हणून माप कापणं चूक. इन्सुलिन डॉक्टर जुळवतात. ‘मेंदूसाठी खास’ लिहिलेल्या डब्याला जादा पैसे देऊ नयेत. ज्यांना गिळता येतं त्यांना सरसकट पूरक पेय देऊन फायदा होत नाही, हे २००५च्या ‘फूड’ नावाच्या चाचणीने पक्षाघाताच्या चार हजारांवर रुग्णांत दाखवलं.

आणि पेज? उकड्या तांदळाच्या २५ ग्रॅमच्या पेलाभर पेजेत ९० किलोकॅलरी, प्रथिनं दोन ग्रॅम. सहा पेले दिले तरी साडेपाचशेच. तिजण (नाचणीची गोव्यातली खीर) तर निवलं की नळीतच घट्ट होतं.

डब्यातला चमचा बेभरवशाचा. शिगेचा आणि सपाट यांत बराच फरक पडतो, म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. उकळून कोमट केलेलं पाणी आधी, पावडर मागून, मग गाळणी. कडकडीत पाण्यात प्रथिनं फाटतात आणि नळी तुंबते. २५० मिलिलिटरची सहा फीड, दर तीन तासांनी, डोकं ३० ते ४५ अंश वर. फीडआधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी. कालवलेलं चार तासांपेक्षा बाहेर ठेवू नये, मे महिन्याच्या उकाड्यात तर दर वेळी ताजंच. पावसाळ्यात ओला चमचा गेला की डब्याचा दगड होतो.

फेनिटॉइन (फिट्सवरचं औषध) चालू असेल तर त्याच्या आधी-नंतर फीड किती थांबवायचं ते विचारून घ्या. एकत्र गेलं की औषध नीट शोषलं जात नाही.

नळी निघाल्यावर उरलेला डबा पेल्यात कालवून पाजू नये, गिळण्याची तपासणी होईपर्यंत. पातळ द्रव खोकलाही न येता फुप्फुसात जाऊ शकतो.