एरी लेकवर वसंतातलं वॉलआय ट्रोलिंग: क्रँकबेट घ्यावेत की गांडुळाचे हार्नेस?

मार्च उजाडला की अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोकडच्या आमच्या मंडळींपैकी कोणाचा तरी फोन येतोच. बोट घेतलीय किंवा मित्राची मिळतेय, एरी लेकवर वॉलआय मासा धरायला जायचंय, दुकानात उभा आहे, पटकन सांग काय उचलू. एका भिंतीवर प्लास्टिकचे रंगीत मासे लटकलेले असतात ते क्रँकबेट, आणि समोरच्या रॅकवर मणी नि पत्र्याचं पातं ओवलेले हार्नेस, ज्यांच्या गळांना जिवंत गांडूळ टोचायचं. दोन्ही घे म्हणून सांगणं सोपं आहे, पण पहिल्याच वर्षी दोन्हीकडे पैसे घातले की दोन्ही अर्धवट राहतात, हे मी स्वतः करून बसलोय. म्हणून मी उलट दोनच प्रश्न विचारतो: कधी जाणार आणि बोटीत कोण असणार?

ज्यांना ट्रोलिंग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे कोकणात गरवायला बसलं की आपण एका जागी आणि मासा फिरतो. इथे बोट फिरते, तीही माणसाच्या चालीपेक्षा हळू, ताशी एक ते दोन मैल, आणि मागे सात-आठ दोऱ्या ओढल्या जातात. प्लेनर बोर्ड म्हणजे छोट्या तरंगत्या फळ्या, त्या दोरी बोटीपासून बाजूला लांब नेतात. लेकचा हा पश्चिमेकडचा भाग उथळ, सरासरी खोली जेमतेम २४ फूट, त्यामुळे बोट डोक्यावरून गेली की मासा बाजूला सरकतो आणि नेमका बोर्डाखाली येतो. बोर्ड, दोरी मोजणारी काउंटर रील, जाळं हे सगळं दोन्ही पद्धतींना सारखंच लागतं, म्हणजे तो खर्च तुलनेत धरूच नका.

आता तारखेचं. बर्फ गेला की वॉलआय मॉमी आणि सँडस्की नद्यांत आणि किनाऱ्यावरच्या कॅम्प पेरीसमोरच्या रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यांवर, अंडी घालायला जमतात, साधारण ४२ ते ५० डिग्री फॅरनहाइट पाण्यात. रीफवर नरांची गर्दी असते आणि तिथे लोक जिग मारतात, म्हणजे वजनाचा गळ उभा खालीवर नाचवतात, तो वेगळा खेळ. ट्रोलिंगवाले बाहेर मोकळ्या पाण्यात मोठ्या माद्यांच्या मागे असतात, काही अजून पोटात अंडी घेऊन अधांतरी तरंगणाऱ्या, काही अंडी टाकून परतीच्या वाटेवर. अशा थंड पाण्यात माझा पूर्ण भरवसा क्रँकबेटवर. लांबट, सडपातळ, शॅड नाहीतर शायनर माशासारखा दिसणारा क्रँक एक-सव्वा मैलाच्या वेगाने ओढायचा, त्याने फार वळवळही करू नये. बँडिट, रीफ रनर, हस्की जर्क ही क्रँकची नावं इथे धक्क्यावर रोज कानावर पडतात, जांभळा आणि गुलाबी रंग हातोहात खपतात. रंगावर मात्र जास्त डोकं खाऊ नका, पाणी गढूळ असेल तर भडक, स्वच्छ असेल तर चंदेरी, एवढं पुरे.

पाणी पंचावन्नच्या वर गेलं की चित्र बदलतं. मे निम्मा सरला की हार्नेस चालायला लागतो आणि जूनमध्ये मेफ्लाय हे उडते किडे पाण्यातून निघायच्या सुमाराला तर वॉलआय तळातून वर येणाऱ्या त्यांच्या अळ्यांवर ताव मारत असतो, तेव्हा फिरतं पातं आणि मागे गांडूळ याला तोड नाही. (या मेफ्लाय किड्यांचे थवे एवढे मोठे असतात की हवामानाच्या रडारवर ढगासारखे दिसतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पाऊस येतोय.)

तर एप्रिलवाल्यांनी क्रँक आणि मेअखेरवाल्यांनी हार्नेस, इथपर्यंत सोपं. पण खरा फरक खोलीचा आहे आणि तो दुकानात कोणी समजावत नाही. क्रँकला पुढे प्लास्टिकची जीभ असते, ती पाणी कापते आणि क्रँक खाली जातो. किती खाली हे मुख्यतः तुम्ही किती फूट दोरी सोडली आणि दोरी किती जाड यावर, वेगाचा परिणाम फार थोडा. त्याचे तक्ते मिळतात, ऐंशी फूट सोडली तर इतकं खोल वगैरे, बघायचं आणि काउंटर लावायचा. हार्नेस स्वतःहून खाली जातच नाही, त्याला वजन लागतं. इथली प्रचलित रीत म्हणजे पन्नास फूट दोरी सोडायची, दोन औंसाचं वजन चिमट्याने अडकवायचं, परत पन्नास फूट सोडायची. आणि आता वेग हळू केला की वजन खाली बसतं, वाढवला की वर येतं. म्हणजे वारा मागून आला, बोट जरा पळाली, की तुमचे सगळे हार्नेस माशांच्या डोक्यावरून चाललेत आणि तुम्हाला पत्ताच नाही. जीपीएसवर एकाने सतत डोळा ठेवायला हवा, आणि नवख्याच्या बोटीत तो एक माणूस नेमका सँडविच खात असतो.

वळण घेताना तर हे नागडं दिसतं. बोट डावीकडे वळवली की डाव्या बाजूचे बोर्ड जवळजवळ थांबतात आणि उजवीकडचे धावतात. बरेचसे क्रँक तरंगणारे असतात, वेग गेला की वर येतात, काही बिघडत नाही. हार्नेस सरळ तळाला जाऊन शिंपल्यांच्या थरात घासतो, गळ बोथट, कधी दोरीच तुटते. हार्नेस लावला असेल तर वळण एवढं मोठं घ्या की बायकोने विचारलं पाहिजे आपण वळतोय की नाही.

पैशाचं बोलायचं तर एक क्रँक साधारण सात ते नऊ डॉलर, आणि दोरी तुटली की गेला. हार्नेस निम्म्या किमतीत येतो, हौस असेल तर घरी बसून ओवताही येतो, माझी मुलगी मणी ओवायला एका पायावर तयार असते. पण गांडूळ रोजचा खर्च आहे. मे महिन्यात व्हाइट पर्च नावाचा हाताएवढा मासा गांडुळावर तुटून पडतो, शिवाय शीपहेड, शिवाय व्हाइट बास, डझन गांडुळं तासाभरात फस्त. त्यात पर्च एवढासा की तो अडकला तरी बोर्ड हलत नाही (मोठा मासा लागला की बोर्ड मागे ओढला जातो), आणि तुम्ही अर्धा तास एका मेलेल्या पर्चला एरी लेकची सहल घडवत असता. म्हणून दर वीस मिनिटांनी प्रत्येक दोरी गुंडाळून बघायची, थंडीत हात ओले, गांडुळाचा चिकटपणा, परत सोडायची, परत मोजायची. क्रँकवर हा उपद्रव बराच कमी, मात्र दोरीवर गवताचा एक धागा अडकला तरी क्रँक मेल्यासारखा चालतो. दांडीच्या टोकाची थरथर थांबली की समजायचं. नवा क्रँक बोटीच्या बाजूला धरून आधी ओढून बघा, तिरका पळत असेल तर पुढची कडी पकडीने कणभर वाकवा, ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट.

बोटीत कोण, हा दुसरा प्रश्न. क्रँकला दोन-तीन तिहेरी गळ असतात. गेल्या एप्रिलात सकाळी सातला पहिली मादी जाळ्यात आली, तिने एक अंग झटकलं, आणि मागचा गळ जाळ्याच्या सात-आठ छिद्रांतून आरपार नि पुढचा माझ्या जॅकेटच्या बाहीत, मधे मासा. बोटं सुन्न, पकड दुसऱ्या खिशात, भावजी हसतायत, आणि तेवढ्यात दुसरा बोर्ड मागे जायला लागला. लहान मुलं बरोबर असतील तर मी एकेरी गळाचा हार्नेसच लावतो, आणि एप्रिलमध्ये मुलांना नेतच नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, लाइफ जॅकेट अंगावर पाहिजे, सीटखाली नाही. उथळ लेक असल्यामुळे लाटा जवळजवळ आणि उभ्या येतात. ईशान्येचा वारा सांगितला असेल तर मी घरी झोपतो.

ओहायोत १५ इंचांच्या आतला वॉलआय ठेवता येत नाही आणि रोजची मर्यादा त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघून जा. त्या मोठ्या अंडीवाल्या माद्यांबद्दल माझं मत, फोटो काढा आणि सोडा, तव्यावर सतरा-अठरा इंची जास्त चांगला लागतो. पांढरं, काट्याला सोपं मांस, आगळ-हळद लावून रव्यात घोळवला की आमच्या घरी पापलेटची आठवण कोणी काढत नाही, म्हणजे काढतात, पण हळू आवाजात.

तारीख मे च्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर मात्र मी एका बाजूला मानत नाही, त्या दिवसांत उजवीकडे क्रँक आणि डावीकडे हार्नेस लावायचे नि दोघांना झेपेल असा वेग धरायचा, सव्वा मैलाच्या आसपास. तासाभरात कोणते बोर्ड मागे पडतायत ते बघायचं. आणि हार्नेसची बाजू आतल्या अंगाला येऊ न देता, शक्यतो उजवीकडेच वळायचं.