शहराचा प्राणी-निवारा: पालिकेने स्वतः चालवावा की संस्थेकडे द्यावा?

तुमच्या नगरपरिषदेच्या सभेत लवकरच हा विषय येईल. मोकाट कुत्र्यांसाठी निवारा हवा यावर एकमत झालेलं असेल, प्रश्न उरेल तो चालवायचा कोणी. एकीकडे आरोग्य विभागाचा प्रस्ताव असेल: जागा आपली, माणसं आपली, आपणच चालवू. दुसरीकडे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी करार. तिथे हात वर करायची वेळ तुमच्यावर येणार असेल, किंवा तुमच्या नगरसेवकाला आधी गाठून काही सांगायचं असेल, तर हे वाचून जा. माझा कौल संस्थेच्या बाजूने आहे. पण आपल्याकडे असे करार ज्या पद्धतीने होतात, त्या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे.

निवारा या शब्दाचा अर्थच २०२५ मध्ये बदलला, तिथून सुरुवात करू. २००१ च्या नियमांनी एक पद्धत घालून दिली आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीही तीच ठेवली. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळख म्हणून कानाला खाच मारायची आणि उचललं तिथेच नेऊन सोडायचं. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस देखभाल. म्हणजे पालिकेचं केंद्र हे खरं तर दवाखान्यातल्या वॉर्डासारखं होतं, आठवड्याच्या आत खाट रिकामी. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितली. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल केला आणि रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची परत सोडायला परवानगी दिली. मग ७ नोव्हेंबरचा आदेश आला, तो साऱ्या देशासाठी: शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनांतली कुत्री उचलायची आणि तिथे परत सोडायची नाहीत.

मग ती जाणार कुठे? निवाऱ्यात. आणि राहणार किती दिवस? आयुष्यभर.

इथे सगळे जुने हिशेब कोलमडतात. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या हिशेबात एका कुत्र्यामागे १,६५० रुपये धरलेले आहेत, पकडण्यापासून सोडण्यापर्यंत. बहुतेक करार अशाच कुठल्यातरी दरावर होतात. आता साधा गुणाकार करून बघा. खाणं आणि साफसफाई मिळून दिवसाला फक्त ५० रुपये धरले, तरी एका कुत्र्याचे वर्षाला १८,२५० होतात. शंभर कुत्र्यांचे सव्वाअठरा लाख. यात डॉक्टर नाही, औषधं नाहीत, रात्रीचा रखवालदार नाही. ज्या कागदावर ‘प्रति श्वान दर’ एवढाच रकाना आहे, तो कागद निवाऱ्याचा नाहीच. तो शस्त्रक्रियांचा आहे.

पालिका स्वतः चालवते तेव्हा

याची जमेची बाजू आपण फार पटकन विसरतो. पगार महिन्याला होतो, देणगी आली काय अन् नाही काय. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे माहीत असतं. चेन्नई महापालिका नसबंदीची केंद्रं स्वतःच्या पशुवैद्यकांच्या जोरावर चालवत आली आहे, सोबतीला संस्थाही आहेत. मोठ्या महापालिकेला हे झेपतं.

लहान गावाचं तसं नाही. अनेक नगरपरिषदांकडे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं पदच नसतं, आणि असलं तरी ते रिकामं किंवा प्रभारी. कुत्री पकडायला सफाई विभागातली माणसं पाठवली जातात, ज्यांना ना प्रशिक्षण ना स्वतःसाठी रेबीजची आगाऊ लस. जुन्या कोंडवाड्याची आठवण ज्यांना आहे त्यांना सांगायला नको की जनावराला दोन वेळचं पाणी मिळणं हेसुद्धा कुणाच्या तरी मर्जीवर असायचं. शिवाय दत्तक देण्याचं काम सरकारी कचेरीला जमत नाही. रविवारी सकाळी पिल्लं घेऊन बागेत बसणं, फोटो टाकणं, घर बघायला जाणं, महिन्याने पुन्हा फोन करणं, हे ड्यूटीच्या तक्त्यात बसवता येत नाही. आणि आयुष्यभराच्या निवाऱ्यात जागा रिकामी होण्याचा चांगला रस्ता एकच आहे: कुत्र्याला घर मिळणं.

संस्था चालवते तेव्हा

जयपूरचं उदाहरण मी सगळ्यांना देते. ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथे नसबंदी आणि लसीकरण सुरू केलं. २००२ च्या अखेरीपर्यंत २४,९८६ कुत्र्यांवर काम झालं. त्या भागातली कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली आणि माणसांमधला रेबीज तिथे शून्यावर आला. दुसरं उदाहरण शेजारच्या गोव्याचं. ‘मिशन रेबीज’ने २०१३ पासून राज्य सरकारबरोबर काम केलं. पुढे वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली जाऊ लागली आणि प्रत्येक लशीची नोंद मोबाइलवर, ठिकाणासकट. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले. दोन्हीकडे समान धागा म्हणजे तेच लोक तेच काम वर्षानुवर्षं करत राहिले.

आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. करार अकरा महिन्यांचा किंवा ३१ मार्चला संपणारा. नवी निविदा काढायला, सर्वांत कमी दराच्या संस्थेला बोलवायला, स्थायी समितीची मंजुरी घ्यायला पावसाळा उजाडतो. कुत्र्यांचा भाद्रपद तोवर थांबत नाही. दिवाळीनंतर गल्लोगल्ली पिल्लं दिसतात आणि सभेत विचारलं जातं की एवढे पैसे खर्च करून उपयोग काय झाला.

कुत्र्यामागे दर असला की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नियमाप्रमाणे बिल मंजूर होण्याआधी नसबंदीत काढलेले अवयव मोजले जातात. आमच्याकडे एकदा मी देखरेखीला आलेल्या सदस्यांसोबत गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या, आत फॉर्मॅलिन. झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात. हातमोजे घातलेला मुलगा चिमट्याने एकेक अवयव ट्रेमध्ये ठेवत मोठ्याने आकडा म्हणतो, दुसरा वहीत रेघ मारतो. दोन अंडाशयं म्हणजे एक कुत्री. पाऊण तासात दीडशेच्या आसपास जनावरांचा हिशेब लागला आणि सह्या झाल्या. ही मोजणी आवश्यक आहे, खोट्या बिलांना तिने चाप बसतो. पण त्या दिवशी शेडच्या मागच्या पिंजऱ्यांकडे कोणी गेलं नाही. टाके कसे आहेत, किती दिवस ठेवलं, खाल्लं का, हे त्या बरण्यांत दिसत नाही.

आमच्या गल्लीतली काळी नावाची कुत्री सोमवारी उचलली आणि बुधवारी सकाळी भर पावसात आणून सोडली. संध्याकाळी पोटाचे दोन टाके उसवलेले. मी पालिकेत गेले तर म्हणाले संस्थेला विचारा. संस्थेत विचारलं तर उत्तर आलं की पिंजरे भरलेत आणि मागचं बिल चार महिने अडकलंय. दोघांचंही म्हणणं खरं असेल. काळीला शेवटी खासगी डॉक्टरकडे नेलं, वर्गणी काढून.

यात संस्थेचं मन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. शहराचा भार अपुऱ्या पैशांत उचलला की चांगली संस्थाही मोडते. न्यूयॉर्कमध्ये शहराचे निवारे १८९४ पासून ‘एएसपीसीए’ या धर्मादाय संस्थेने चालवले, आणि शंभर वर्षांनी, १९९४ च्या अखेरीला, ते काम सोडून दिलं. कुत्र्या-मांजरांना मारण्याचं शहराचं काम करता करता संस्थेच्या मूळ उद्देशालाच बाधा येत होती. आपल्याकडे कायद्याने निरोगी भटकं कुत्रं मारता येत नाही. त्यामुळे भार दुसऱ्या रूपात येतो: निवारा भरतो आणि तरीही गाडी नवी कुत्री आणून उतरवत राहते. दाटीत साथ पसरते, भांडणं होतात.

मग निवड कशी करायची

तुमच्या तालुक्यात स्वतःचा पशुवैद्यक असलेली, आधी काम केलेली, पशुकल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था नसेल, तर निव्वळ कमी दर बघून लांबच्या शहरातून कोणाला आणू नका. त्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदा मिळून एक केंद्र उभं करा आणि पूर्णवेळ डॉक्टर नेमा. तेवढ्यापुरता मी पालिकेचा पर्याय वरचढ मानते.

चांगली संस्था असेल तर तिच्याकडेच द्या, पण करार वेगळा लिहा. जागा, वीज, पाणी, डॉक्टरचा आणि सांभाळणाऱ्यांचा पगार हा ठरावीक खर्च पालिकेने दर महिन्याला द्यावा, कुत्री पन्नास असोत की नव्वद. दर लावायचाच तर फक्त शस्त्रक्रियेला. मुदत किमान पाच वर्षं, मध्येच सोडायचं तर सहा महिने आधी कळवायचं. कुत्री पकडायची गाडी आणि कुत्रं चावल्याच्या तक्रारी पालिकेने स्वतःकडेच ठेवाव्यात. तो जबाबदारीचा भाग आहे, आणि लोकांचा राग झेलायला संस्थेला पुढे करणं बरोबर नाही. सगळ्या नोंदी पालिकेच्या मालकीच्या असाव्यात, नाहीतर संस्था बदलली की कोणत्या गल्लीत किती कुत्र्यांना लस झाली हे कोणालाच माहीत नसतं.

एका कलमावर मात्र अडून बसा: निवाऱ्यात जास्तीत जास्त किती जनावरं, आणि तो आकडा गाठल्यावर काय करायचं. हे लिहिलेलं नसेल तर सही करू देऊ नका. रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्यासाठी वेगळा, बंद पिंजरा नकाशात दाखवलेला आहे का हेही बघा. असं कुत्रं मरेपर्यंत एकटं ठेवावं लागतं, आणि त्या पिंजऱ्याची नाली बाकीच्यांच्या पिंजऱ्यांतून वाहत जाता कामा नये.

सभेच्या आधी एक दिवस काढा. प्रस्ताव देणारी संस्था सध्या जिथे काम करते तिथे रविवारी दुपारी न कळवता जा. कार्यालयात बसू नका, सरळ मागच्या पिंजऱ्यांकडे जा. पाण्याची भांडी बघा. चार्टवर शस्त्रक्रियेची तारीख बघा आणि चौथ्या दिवसाच्या कुत्रीला उभी करून टाके दाखवायला सांगा. तिथे कामाला असलेल्या मुलाला विचारा की त्याचा मागचा पगार कधी झाला.