सौर पंप की सौर वाहिनी: ग्रामसभेपुढे आधी काय ठेवाल?

गावाला सौर विजेच्या बाजूने आणायचं, तर सुरुवात एकेकाच्या सौर पंपापासून करावी की गायरानावर सौर प्रकल्प उभारून शेतीची अख्खी वाहिनी, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज आणणारी लाइन, सौर करावी? आमच्याकडे दोन्ही झालं. माझ्या माळावरच्या विहिरीपर्यंत तारा कधी आल्याच नाहीत, तिथे पाच एचपीचा सौर पंप आहे. ओढ्याकाठची विहीर वाहिनीवर.

पंप पटवायला सोपा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5. बिल नाही. ऊन चढलं की पाणी सुरू, आणि शेजारी ते डोळ्यांनी बघतात.

पण गहू ओंबीवर असताना माझ्या पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणारा डबा, बंद पडला. पाच वर्षं दुरुस्तीची हमी होती. तक्रार नोंदवली, रोज फोन केले, माणूस सतराव्या दिवशी आला. गव्हाचं नुकसान मी सोसलं. खरा फटका वेगळाच होता. बांधावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय भाऊ, सोलर बंद पडलं का?" अर्ज भरायला निघालेले तिघं थांबले. दोन वर्षं चांगला चाललेला पंप कुणालाच आठवेना.

वाहिनीचं उलट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल 5 लाख मिळतात, तरी शेळ्यामेंढ्यावाल्यांनी गायरान द्यायला विरोध केला, आणि तो रास्त होता. चराईची वाट आणि पाणवठ्याची बाजू सोडून मुरमाड उतार निवडला, तेव्हा चौथ्या सभेत ठराव झाला.

आता वीज दिवसा येते. बिबट्याच्या धास्तीत बॅटरी घेऊन रात्री दारं धरायला जाणं सुटलं. घरच्यांनाही झोप लागते. ढगाळ दिवशी ग्रीडची, म्हणजे नेहमीच्या जाळ्यातली वीज आहेच. बिघाड झाला तर तो एकट्याचा नसतो, वीस-पंचवीस जण मिळून कार्यालयात जातात आणि काम लवकर होतं. 'सोलर बंद पडलं' असं कुणी म्हणत नाही, 'आपली लाइन गेली' म्हणतात.

तारा पोचतच नाहीत तिथे पंपच घ्यावा लागेल, आणि चांगला दुरुस्तीवाला जवळ असेल तर तुमचा अनुभव माझ्यापेक्षा बराही असेल. पण विजेचं उपकेंद्र जवळ असेल तर मी ग्रामसभेपुढे आधी वाहिनी ठेवीन. फक्त पहिल्या सभेआधी मेंढपाळांच्या घरी जाऊन या. आम्ही तिसऱ्या सभेनंतर गेलो.