प्लेस्टेशन ५ स्लिम की असेंबल्ड पीसी: पंचावन्न हजारांत काय घ्यावे?

सोनीचा प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला, तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याची आकाराने लहान अशी स्लिम आवृत्ती आली ती ५४,९९० रुपयांना. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, असा आपला आजवरचा अनुभव असल्यामुळे अनेकांनी ‘थोडे थांबू, भाव उतरेल’ म्हणून खरेदी पुढे ढकलली आणि त्यांच्या पदरी काही पडले नाही. सणासुदीच्या सवलतीत चार-पाच हजार कमी होतात, तेवढाच काय तो दिलासा. तेव्हा आज हा कन्सोल घ्यावा की त्याच पैशांत, किंवा थोडी भर घालून, गेमिंगसाठी संगणक जुळवावा, हा प्रश्न दोन्हींच्या आजच्या किमती समोर ठेवूनच सोडवावा लागतो.

आधी पीसीचा हिशोब पाहू. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली की दुकानदार कोटेशन काढून देतो. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम (कामापुरती स्मृती), एसएसडी (गेम साठवण्याची जागा), चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट अशा ओळी असतात. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि विंडोजचा परवाना त्या बेरजेत बहुतेक वेळा धरलेले नसतात, आणि नवखा ग्राहक नेमका इथेच फसतो. आठ जीबी स्मृती असलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० किंवा त्याच्या जागी आलेले ५०६० हे कार्ड धरले, तर एकट्या कार्डाचेच पंचवीस-तीस हजार होतात. सगळे भाग नीट निवडले, तर नुसत्या कॅबिनेटच्या आतला ऐवज साठ-सत्तर हजारांच्या खाली येणे अवघड असते. बेरीज पंचावन्न हजारांत बसवून दाखवणारा दुकानदार भेटतोही, पण त्याने काटछाट कुठे केली हे पाहायचे असेल तर एसएमपीएसची ओळ वाचावी. तिथे ओळखीच्या कंपनीचे नाव किंवा कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र नसेल, तर ते कोटेशन तिथेच परत करावे. तीस हजारांचे कार्ड ज्या डब्यातून वीज घेणार, त्या डब्यावर हजार रुपये वाचवण्यात शहाणपणा नाही.

त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमच्या भावाने उसळी घेतली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे स्मृतीच्या चिप वळू लागल्या, डीडीआर ५ या सध्याच्या प्रकारच्या रॅमचे दर काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या स्मृतीच्या चिप बनवणाऱ्या कंपनीने आपला क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. एसएसडीचे भावही त्याच वाटेने चढले. त्यामुळे एखाद्या मित्राने २०२४ मध्ये जुळवलेल्या पीसीचे बिल पाहून अंदाज बांधणाऱ्याचा आज हमखास हिरमोड होईल. एका किमतीत चांगले चित्र कोण देतो एवढेच विचारायचे असेल, तर सध्या उत्तर निर्विवादपणे कन्सोलच्या बाजूचे आहे.

प्लेस्टेशन ५ मध्ये आठ कोअरचा एएमडी झेन २ प्रोसेसर, १०.२८ टेराफ्लॉप (सेकंदाला लाखो कोटी आकडेमोडी मोजणारे एकक) क्षमतेचा ग्राफिक्स विभाग आणि दोघांना मिळून वापरता येणारी १६ जीबी स्मृती आहे. कागदावर हे आकडे आता जुने वाटतात. तरीही ज्या एकाच यंत्रासाठी गेम बेतला जातो, त्यावर तो बहुधा नीट चालतो, याचे महत्त्व पीसीवर ताज्या गेमशी झुंजलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा त्याची काय अवस्था होती, आणि आठ जीबीच्या कार्डांची त्यावर कशी दमछाक झाली, हे त्या वेळी बरेच गाजले होते. कन्सोलवर बहुतेक मोठ्या गेममध्ये दोन पर्याय मिळतात: चित्राची सफाई जास्त पण सेकंदाला ३० फ्रेम, किंवा सफाई थोडी कमी पण ६० फ्रेम. आमच्या मते दुसरा पर्याय निवडून सेटिंग्जचे पान बंद करावे.

प्लेस्टेशन ५ सोबत येणाऱ्या ड्युअलसेन्स कंट्रोलरबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हा अनुभव पीसीवर सहसा पूर्णपणे मिळत नाही. यंत्रासोबत फुकट येणाऱ्या ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’मध्ये तो छोटा यंत्रमानव वाळूवरून धातूच्या फरशीवर गेला की तळहातांना जाणवणारे कंपन बदलते. स्प्रिंगचा पोशाख चढवल्यावर ट्रिगर दाबताना बोटाला खरोखरीची स्प्रिंग दबल्यासारखा विरोध होतो आणि सोडताना ती ताण सोडल्याचेही कळते. कंट्रोलर केबलने जोडल्यास पीसीवरचे मोजके गेम हे साधतात. पण ‘मोजके’ आणि ‘केबलने’ हे दोन्ही शब्द ध्यानात ठेवावेत. याच कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या काड्या काही काळाने हात न लावताही हालचाल नोंदवू लागतात, ही तक्रारही तितकीच खरी आहे, आणि नवा कंट्रोलर स्वस्त नाही. स्लिम आडवी ठेवण्यासाठी सोनीने दिलेले प्लॅस्टिकचे दोन चिमुकले पाय पाहून तर हसू येते. ती उभी ठेवायची असेल, तर स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो.

यंत्राच्या किमतीपेक्षा गेमच्या किमती अधिक काळ छळतात. सोनीचे स्वतःचे मोठे नवे गेम आपल्याकडे साधारण पाच हजार रुपयांना येतात. पीसीवर स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान २०१५ पासून रुपयांत व्यवहार करते, तिथले मोठे सेल ठरलेल्या हंगामांत येतात, आणि एपिक हे दुसरे दुकान तर दर आठवड्याला काही ना काही फुकट देते. वरवर पाहता इथे पीसी सहज जिंकतो. पण कन्सोलची डिस्क विकता येते. नवा गेम घ्यावा, कथा पुरी करावी आणि डिस्क पुढच्याला विकावी किंवा दुकानात एक्स्चेंज करावी, हा व्यवहार आपल्या शहरांत उत्तम चालतो, आणि मित्रांमध्ये डिस्क फिरवली तर खर्च आणखी विभागला जातो. म्हणूनच दहा हजारांनी स्वस्त आलेली डिजिटल आवृत्ती आम्हाला खोटी बचत वाटते. ती घेणारा माणूस सोनीच्या एकाच दुकानाशी बांधला जातो, आणि विकत घेतलेला एकही गेम त्याला पुढे देता येत नाही. विकत घेतलेले गेम ऑनलाइन इतरांबरोबर खेळण्यासाठी कन्सोलवर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते, हा खर्च मात्र पीसीला नाही. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला ही अट लागू नाही.

तुम्हाला नेमके काय खेळायचे आहे, यावर निम्मा निर्णय तिथेच होतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ कन्सोलवर नाहीतच. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत असल्याने महाराष्ट्रातल्या खेळाडूला पीसीवर उत्तम पिंग मिळतो, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला फार कमी वेळ लागतो, आणि या खेळांना तुलनेने साधा संगणकही पुरतो. त्यांच्यासाठी सत्तर हजारांचे कोटेशन काढण्याचे कारण नाही. उलट, जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो) ची घोषणा फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी झालेली आहे. मागचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला होता आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. सोनीचे कथाप्रधान गेमही पीसीवर येतात, पण उशिरा: ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ला जुलै २०२० पासून मे २०२४ पर्यंतचा काळ लागला. वाट पाहण्याची तयारी असेल, तर तोवर भावही उतरलेला असतो.

एक्सबॉक्सचा विचार इथे थोडक्यात उरकता येतो. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम त्याच दिवशी पीसीवरही येतात, त्याच्या गेम पास या वर्गणीचे दर ऑक्टोबर २०२५ मध्ये बरेच वाढले, आणि त्यामुळे पीसीशी तुलना करणाऱ्याला तो कन्सोल घेण्याचे फारसे कारण उरत नाही. प्लेस्टेशन ५ ची अधिक ताकदीची आवृत्ती असलेला प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारतात आणलाच गेला नाही. वायफायसाठी ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे परवानगी नसल्याचे कारण तेव्हा देण्यात आले. बाहेरून आणून विकणाऱ्यांकडून तो घेतला, तर दुरुस्तीचा प्रश्न आपल्याच गळ्यात पडतो.

घरात संगणकाची गरज आधीपासून आहे का, हा प्रश्न मुले आईवडिलांपुढे ‘अभ्यासालाही होईल’ या चतुर शब्दांत मांडतात, आणि त्यात तथ्य असते. अभियांत्रिकी, वास्तुरचना, ॲनिमेशन किंवा व्हिडिओ संपादन शिकणाऱ्यासाठी ग्राफिक्स कार्डाचा पीसी हा खराखुरा कामाचा संगणक असतो, आणि मग तुलना पंचावन्न हजारांशी करायची नसून त्याला एरवीही घ्याव्या लागणाऱ्या संगणकाच्या किमतीत किती भर पडते याच्याशी करायची असते. तिथे आम्ही नि:शंकपणे पीसी सुचवू. लिहिण्यापुरता आणि वर्गांपुरता लॅपटॉप घरात आहे, बैठकीत बऱ्यापैकी टीव्ही आहे, आणि खेळणारे एकापेक्षा अधिक आहेत, अशा घरासाठी डिस्क ड्राइव्ह असलेली स्लिम हाच आमचा कौल आहे.

घेताना बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण कन्सोलची हमी एकच वर्षाची असते आणि बिघडला तर तो अख्खा द्यावा लागतो. पीसीच्या बाबतीत प्रत्येक भागाची हमी वेगळी असते, ग्राफिक्स कार्डाला बहुधा तीन वर्षे मिळतात, आणि एक भाग दुरुस्तीला गेला म्हणून बाकीचे निकामी होत नाहीत. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि उन्हाळ्यातल्या धुळीत दोन्ही यंत्रांचे पंखे साफ करावेच लागतात. प्लेस्टेशनची बाजूची पांढरी पाटी काढली की धूळ साठण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे दिसतात. व्हॅक्युम क्लीनर तिथे लावावा, आणि तो पावसाळा संपल्यावर एकदा तरी लावावाच.